शिल्पांच्या वाटेने मोनेपर्यंत

पॅरिस, गुरुवार, रात्री.

ओर्से संग्रहालय गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते, हे माझ्यासारख्या नोकरदार माणसाच्या फार पथ्यावर पडते. आज कामावरून परस्पर तिकडेच गेलो. बहुतेक प्रेक्षक आत शिरताच पाचव्या मजल्यावर मोने, रन्वार आणि दगा या चित्रकारांकडे धाव घेतात आणि तळमजल्यावरची शिल्पे त्यांच्या लेखी वाटेतली अडगळ ठरतात. मी हल्ली उलटा क्रम ठेवला आहे. आधी खाली मनसोक्त रेंगाळायचे, मग वर जायचे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शिल्पे पाहण्याची सवय लागल्यापासून दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा उजेड रंगवणाऱ्या) चित्रकारांनी नेमके काय केले, हे मला अधिक स्पष्ट दिसू लागले आहे.

१९०० च्या विश्वप्रदर्शनासाठी बांधलेले हे रेल्वे स्थानक १९८६ मध्ये संग्रहालय झाले. जिथे पूर्वी रूळ होते त्या लांबलचक दालनात, काचेच्या कमानदार छताखाली, आता पुतळे उभे आहेत. त्यात शिल्पकार कार्पोचा ‘उगोलिनो’ मला सोडवत नाही. इटालियन कवी दान्तेच्या काव्यातला हा सरदार मुलानातवंडांसह तुरुंगात उपाशी मरतो आहे. तो आपल्याच हाताची बोटे चावतो आहे आणि खाली त्याच्या पावलांची बोटेही वेदनेने आवळली गेली आहेत. चेहरा झाकून नुसती ती पावले पाहिली तरी सारी कथा कळावी. याच कार्पोने पॅरिसच्या नव्या ऑपेराच्या दर्शनी भागासाठी ‘नृत्य’ हा शिल्पसमूह घडवला. १८६९ मध्ये तो खुला होताच नाचणाऱ्या नग्न स्त्रिया पाहून इतका गहजब झाला, की एका रात्री कुणीतरी त्यावर शाईची दौत फेकली. शिल्प हलवण्याचे ठरले होते, पण दुसऱ्या वर्षी प्रशियाशी युद्ध पेटले आणि तो विषय मागे पडला. मूळ दगडी समूह आता ओर्सेमध्ये आहे, ऑपेरावर त्याची प्रतिकृती आहे. त्या बायकांचे हसणे आजही थोडे अंगावर येते, आणि मला वाटते, लोकांना नग्नतेपेक्षा ते हसणेच अधिक खुपले असावे. देवी म्हणून त्या खपल्या असत्या. शेजारच्या गल्लीतल्या दिसतात, हा त्यांचा गुन्हा.

मधल्या मजल्यावर शिल्पकार रोदँचे ‘नरकद्वार’ हे आकृत्यांनी भरलेले दार प्लास्टरमध्ये आहे. १८८० मध्ये सरकारने त्याला हे काम दिले ते एका नियोजित संग्रहालयासाठी. ते संग्रहालय होणार होते याच जागेवर, पॅरिस कम्यूनच्या बंडाच्या काळात १८७१ मध्ये जळालेल्या सरकारी इमारतीच्या अवशेषांच्या ठिकाणी. बेत बारगळला, अवशेष पाडून स्थानक उभे राहिले, रोदँ मात्र मरेपर्यंत या दाराशी झटत राहिला आणि १९१७ मध्ये गेला तेव्हा त्याचे ब्राँझही झालेले नव्हते. म्हणजे दार अखेर आपल्या नेमलेल्या जागी आले, तेही कुणी मुद्दाम न ठरवता. जवळ जाऊन पाहिले तर पांढऱ्या प्लास्टरवर गुळगुळीतपणा जवळजवळ कुठेच नाही. आकृत्या पृष्ठभागातून वर येतात, पुन्हा बुडतात, आणि प्रत्येक उंचवट्यावर प्रकाश अडखळतो. सायंकाळी वरचा उजेड मंदावत गेला, तशी एकेक आकृती कधी ठळक तर कधी नाहीशी होताना आज पाहिली.

ते डोळ्यांत असतानाच वर गेलो आणि मोनेने रंगवलेल्या रूआँच्या कॅथेड्रलपुढे उभा राहिलो. एवढा नखशिखांत कोरीवकाम असलेला दर्शनी भाग, पण चित्रात एकही संत ओळखता येत नाही. ओळखता येतो तो प्रहर. रंग मात्र इतका जाड, खरबरीत थापलेला आहे, की बाजूने पाहिल्यास तो गिलाव्यासारखा वाटतो. रोदँ मातीला आणि मोने रंगाला जे करत होते ते माझ्या मते एकच होते: वस्तूची कड सोडून देऊन तिच्यावर पडलेला उजेड धरायचा. दोघेही नोव्हेंबर १८४० चे, जन्मतारखांत जेमतेम दोन दिवसांचे अंतर.

दगाची ‘चौदा वर्षांची नर्तकी’ मात्र या सिद्धान्तात बसत नाही, आणि म्हणूनच मला ती आवडते. १८८१ मध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या सहाव्या प्रदर्शनात त्याने ती मेणात, खऱ्या कापडाचा झगा घालून आणि केसांना फीत बांधून काचेच्या पेटीत मांडली, तेव्हा समीक्षकांनी तिची माकडाशी तुलना केली. ओर्सेमध्ये आहे ते दगाच्या मृत्यूनंतर ओतलेले ब्राँझ. हनुवटी वर, हात पाठीमागे ताणलेले, डोळे अर्धवट मिटलेले. आपल्याकडे कोण बघते आहे याची तिला काडीचीही पर्वा नाही. दगाने हयातीत जाहीरपणे मांडलेले हे एकमेव शिल्प. बाकीची मेणाची आणि मातीची कामे तो गेल्यावर त्याच्या चित्रशाळेत सापडली.

परतताना मेट्रोत १८८९ चे प्रदर्शन आठवत होते. आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वर्षी चित्रविक्रेते जॉर्ज पती यांच्या दालनात मोने आणि रोदँ यांनी मिळून प्रदर्शन भरवले. मोनेची सुमारे दीडशे चित्रे आणि रोदँची छत्तीस शिल्पे, त्यांत ‘कालेचे नागरिक’ हा मोठा समूह. रोदँची शिल्पे मांडली गेली ती नेमकी मोनेच्या आवडत्या चित्रांच्या भिंतीपुढे, आणि आपली सर्वोत्तम भिंत झाकली गेली म्हणून मोनेने चिडून पती यांना पत्र लिहिले. माझी सहानुभूती मोनेकडे आहे, पण ते प्रदर्शन पाहायला मिळाले असते तर मी नक्कीच रोदँच्या शिल्पांच्या फटींतून मोनेची चित्रे पाहिली असती.