न्यू फॉरेस्टची ट्रिप: घोडे, दलदल आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

मार्चच्या शेवटी न्यू फॉरेस्टला जाऊन आलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाजूचं. मावसबहीण तिकडेच राहते, तिने जंगलाच्या कडेला एक शेत भाड्याने घेऊन दोन घोडे ठेवलेत, त्यामुळे नुसते फोटो काढून परत यायच्या ऐवजी घोडे सांभाळायचं काम किती किचकट असतं ते जवळून बघायला मिळालं. इकडच्या मराठी मंडळींपैकी बरेच जण मुलांना घेऊन जातात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, तिथले मोकळे फिरणारे पोनी जंगली नाहीत हां. प्रत्येकाचा मालक आहे, त्यांना कॉमनर म्हणतात, आणि देखरेखीला पाच अजिस्टर आहेत. पोनी चरायला सोडायची वर्षाची फी भरली की शेपटीचे केस ठराविक पद्धतीने कापतात, त्यावरून पोनी कुठल्या अजिस्टरच्या भागातला ते कळतं.

आम्ही ब्यूली रोड स्टेशनजवळच्या शॅटरफर्ड कार पार्कपासून डेनी वुडकडे चालत गेलो. वाट दलदलीतूनच जाते, मधे लाकडी पूल आहेत. लांबून सगळं सपाट दिसतं, एकदम क्रिकेटचं मैदान. आणि जिथे हिरवं जास्त पोपटी दिसतं तिथेच खरी गोम आहे, ते गवत नसून पाण्यावर वाढलेलं शेवाळ असतं. ताईने काठी खुपसून दाखवली, हाताएवढी काठी आरामात आत गेली आणि बाजूची जमीन थोडी हलली. मे-जूनमध्ये तिथे कापसासारखे पांढरे गोंडे येतात, ते दिसले की घोडा काय, आपणही तिकडे जायचं नाही.

मी विचारलं, मग हे पोनी कसे काय रुतत नाहीत? ते तिथेच जन्मलेले, आईच्या मागे फिरून त्यांना वाटा पाठ असतात. पण रुततात, आणि नेमके याच दिवसांत, कारण थंडी संपताना पोनी हडकलेले असतात आणि पहिलं कोवळं गवत दलदलीच्या काठालाच फुटतं, त्याच्या नादात पुढे जातात. आपण भाड्याने घोडा घेऊन गेलो तर त्याला काही ते पाठ नसतं, म्हणून खडीच्या वाटेवरूनच जायचं, शॉर्टकट बंद. पाय आत जायला लागले तर लगाम ढिला सोडा, आल्या वाटेनेच मागे वळवा, टाच मारून पुढे रेटू नका.

घोडा पोटापर्यंत रुतलाच तर दोर बांधून ओढायला जाऊ नका. मानेला नाही, पायाला तर अजिबात नाही, चिखल पाय घट्ट धरून ठेवतो आणि जोर लावला की सांधे निखळतात. ९९९ला फोन करा, फायर ब्रिगेडकडे यासाठी ट्रेनिंग घेतलेली माणसं असतात, ते पायाशी पाणी किंवा हवा सोडून चिखलाची पकड सैल करतात आणि अंगाखालून रुंद पट्टे घालून सरकवतात. तोपर्यंत नाक चिखलाच्या वर राहील एवढं बघायचं, आणि स्वतः पायांच्या टप्प्यात उभं राहायचं नाही, घाबरलेलं जनावर कधी झटका देईल सांगता येत नाही.

ताईच्या शेतातही खालचा कोपरा ओला असतो. तिथे तिने इलेक्ट्रिक टेपचं कुंपण टाकून तो बंदच केलाय, गेटपाशी खडी आणि वर प्लॅस्टिकच्या जाळ्या, कारण दोन्ही घोडे खायच्या वेळेला तिथेच येऊन उभे राहतात आणि सगळा चिखल तुडवतात. त्या चिखलात नाल उपटून येतात, पायाला खपल्या धरतात. रोज सकाळी पूर्ण शेत चालून येते, सशांची बिळं, तुटलेली तार, वाऱ्याने आलेल्या पिशव्या. रॅगवर्ट या विषारी तणाची पिवळी फुलं दिसली की मुळासकट उपटून शेताबाहेर, कारण ताजी असताना घोडे सहसा तोंड लावत नाहीत पण वाळली की खातात आणि लिव्हरची वाट लागते. शेतात सिकॅमोरचं झाड असेल तर शरद ऋतूत बिया आणि वसंतात त्याची रोपं, दोन्ही जीवघेणी. ओकची कच्ची फळंही पोनीला विषारी, म्हणून सप्टेंबरच्या सुमारास जंगलात डुकरं सोडतात, ती फळं खाऊन टाकतात, जबरदस्त सिस्टिम आहे.

आता आपल्या लोकांसाठी. पोनीला सफरचंद, बिस्किटं, उरलेली चपाती काहीही देऊ नका, प्रेमाने पण नाही. सवय लागली की ते कार पार्कात आणि रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि गाड्यांखाली येतात. लॉनचं कापलेलं गवत तर कुठल्याच घोड्यापुढे टाकू नका, ते भराभर गिळतात आणि ते पोटात आंबून कॉलिकने, म्हणजे पोटाच्या जबर दुखण्याने, घोडे दगावतात. गेट जसं सापडलं तसंच ठेवा, लावलेलं असेल तर लावूनच पुढे. कुंपण नसलेल्या उघड्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची वेगमर्यादा आहे पण संध्याकाळी त्याहून हळूच चालवा, काळा पोनी हेडलाइटमध्ये अगदी जवळ आल्यावरच दिसतो. धडक झालीच तर लगेच पोलिसांना कळवा, पोनी उठून पळून गेला तरी कळवा, अजिस्टर त्याला शोधतात. आणि गमबूट न्या, मुलांचे तर एक्स्ट्रा मोजेसुद्धा.