तेल-तूप बंद केलं, मंग खडे काहून झाले?

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिणं. प्रश्न जवळपास नेहमी याच शब्दांत येतो: "वजनाचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. तर्री-पोहे बंद, सावजी बंद, तेल-तूप बंद. मंग पित्ताच्या थैलीत खडे काहून झाले?" विचारणाऱ्याला वाटतं आपल्यावर अन्याय झाला, आणि ते खरंही आहे. पथ्य मोडलं म्हणून हे खडे झालेले नसतात. कधीकधी तर पथ्य फार कडक पाळल्यानंच त्यांना हातभार लागतो.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशयात मावतं फक्त 30 ते 50 मिली, पण तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं आणि ते घट्ट होतं. पित्तात कोलेस्टेरॉल असतं. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेलं ठेवतात. स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) किंवा बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडणं), यांपैकी कोणतंही वजनाचं ऑपरेशन झालं की साठलेली चरबी झपाट्यानं वितळते आणि तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृतातून पित्तात उतरतं. पाक जास्त आटला की पातेल्याच्या कडेला साखर धरते, तसं इथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरतात. आधी गाळ, म्हणजे रिपोर्टमध्ये लिहिलेला 'स्लज', आणि मग खडे. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर धोका वाढतो, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत बहुतेकांचं तसंच उतरतं. म्हणून पहिले सहा महिने सगळ्यात नाजूक. दीड-दोन वर्षांपर्यंत सावध राहावं.

आता तेल-तुपाचं. जेवणातला स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आकुंचन पावून रिकामं होतं. वरणाचं पाणी, ताक आणि प्रोटीन पावडर यांवर राहिलं की हा इशारा मिळतच नाही. थैली भरलेली राहते आणि त्यातलं पित्त नुसतं पडून राहतं. बायपासमध्ये तर अन्न ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा हाच पहिला भाग, वगळूनच पुढे जातं. पातळ आहाराचे आठवडे संपले आणि आहारतज्ज्ञांनी हो म्हटलं की दिवसातल्या एका जेवणात 7 ते 10 ग्रॅम स्निग्ध असू द्यावं. चहाचे दोन चमचे तेल किंवा तूप म्हणजे जवळपास तेवढंच. एका अंड्यात 5 ग्रॅम असतं, मूठभर शेंगदाण्यांत त्याहून जास्त. याचा अर्थ सावजीची तर्री सुरू करा असा नव्हे. एकदम एवढं तेल गेलं तर पोट बिघडेलच. नवरात्राचे नऊ दिवसांचे उपासही त्या वर्षी सोडलेले बरे. पोट फार वेळ रिकामं राहिलं की पित्ताशयही भरलेलंच राहतं. देवी समजून घेईल.

खडे होऊ नयेत म्हणून एक गोळी देतात. तिचं नाव अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड. ती पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी करते. नेहमीचा डोस 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत, सहा महिने. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत बायपासनंतर गोळी न घेणाऱ्या 32 टक्के लोकांना सहा महिन्यांत खडे झाले. 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी फक्त 2 टक्क्यांना. 2021 सालच्या डच चाचणीत 900 मिलिग्रॅम दिलं आणि नुसते खडे न मोजता त्रास मोजला: दोन वर्षांत 9.7 टक्क्यांच्या जागी 6.5 टक्के. आधीपासून खडे असलेल्यांना मात्र त्या गोळीचा फायदा दिसला नाही. थोडक्यात, खडे होण्याआधी घ्यायची ही गोळी आहे. दुखत नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात ती सोडून देणं ही सगळ्यात मोठी गडबड. दुसरी गडबड कुणाच्या लक्षात येत नाही: ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध आणि ही गोळी एकत्र घेणं. त्यातलं ॲल्युमिनियम गोळीला बांधून ठेवतं, म्हणून दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. मोठी गोळी गिळता येत नसेल तर पातळ औषध मिळतं, विचारा.

आणखी एक घोटाळा आपल्या भाषेतच आहे. 'पित्त झालं' असं आपण म्हणतो तेव्हा ती ॲसिडिटी असते. म्हणून पित्ताशय दुखू लागलं की माणूस आधी जिरं चावतो, मग सोडा पितो आणि पहाटेपर्यंत वाट पाहतो. पित्ताशयाची कळ वेगळी ओळखता येते. ती वरच्या पोटात मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली उठते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते. बहुतेकदा जेवणानंतर किंवा रात्री येते, चढत जाऊन अर्धा तास ते काही तास टिकते. ढेकर आला, शौचाला झालं तरी उतरत नाही. कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. खडा पित्तनळीत अडकला असेल किंवा स्वादुपिंडाला सूज आली असेल.

कुळथाचा काढा मुतखड्यासाठी घेतात. पित्ताशयाचा रस्ताच वेगळा, तिथे त्याचं काम नाही. तेल-लिंबू पिऊन शौचातून पडणारे हिरवे गोळे खडे नसतात. तेलाचा पोटात झालेला साबण असतो.

तपासणी सोनोग्राफीनं होते, सहा ते आठ तास उपाशीपोटी. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत सोनोग्राफीची काही कमी नाही. पण नळीतला खडा तिच्यात सुटू शकतो, म्हणून सोबत रक्ताच्या लिव्हर फंक्शन (यकृतासाठी) आणि लायपेज (स्वादुपिंडासाठी) या तपासण्या करतात, गरज पडली तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय. आणि सोनोग्राफीत खडे दिसले म्हणजे दुखणं त्यांचंच, असं धरून चालू नये. बायपासनंतर जठर-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. कधी आतडं आतल्या फटीत अडकतं, त्याला इंटर्नल हर्निया म्हणतात; तो सीटी स्कॅननं शोधतात आणि उशीर झाला तर आतडं सडतं. हृदयाचं दुखणंही कधी वरच्या पोटात जाणवतं, म्हणून मधुमेह असेल तर ईसीजी आधी.

खडे आहेत पण त्रास नाही, तर सहसा नजर ठेवतात. कळा येत असतील तर दुर्बिणीनं पित्ताशय काढतात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. वजनाच्या ऑपरेशनआधीच खडे आणि कळा असतील तर दोन्ही एकाच वेळी करणं सोयीचं. निरोगी पित्ताशय मात्र 'पुढे होतील' म्हणून काढू नये. पित्ताशय नसतानाही पित्त आतड्यात थेंबथेंब येत राहतं. काहींना काही दिवस पातळ शौच होतं, इतकंच.

अवघड होतो तो नळीत गेलेला खडा. स्लीव्हनंतर तोंडातून दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपीनं, तो नेहमीसारखा काढता येतो. बायपासमध्ये तो रस्ताच बदललेला असतो. नेहमीची दुर्बीण पोचत नाही, मग पोटाला छिद्र पाडून उरलेल्या जठरातून जावं लागतं किंवा लांब दुर्बिणीचा खटाटोप करावा लागतो. म्हणूनच बायपास झालेल्यांनी गोळीचा कोर्स अर्धवट टाकू नये असं आम्ही जरा जास्तच आग्रहानं सांगतो.

ऑपरेशन नागपुरात झालं आणि कळ आली गोंदियाला किंवा बालाघाटला, रात्री दोन वाजता, असं होऊ शकतं. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या पोटात काय केलंय ते बाहेरून दिसत नाही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा: ऑपरेशनचा प्रकार, तारीख, आतडं किती सेंटिमीटर वगळलं. बायपास असेल तर डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही दुखणं थांबवणारी औषधं नको, हे इंजेक्शन भरायच्या आधी सांगा. त्या औषधांनी जोडावर अल्सर होऊ शकतो. दोन-तीन दिवस उलट्या चालू असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, द्यायला सांगा. बी-1 संपत आलेल्या शरीरात आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. घरातल्या एका माणसालाही हे पाठ असू द्या, कारण कळ चढली की रुग्णाला बोलवत नाही.