समुद्राकडची खिडकी

किनाऱ्याने जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना माझा पहिला प्रश्न असतो, "समुद्र कुठल्या बाजूला?" गाडी किती वाजता पोचते, जेवण मिळतं का, हे सगळं नंतर. आणि हे वेड माझ्या एकट्याचं नाही. गाडी किनाऱ्याला लागली की डोंगराकडच्या बाकांवरची माणसं काहीतरी निमित्त काढून उठतात, पलीकडे जाऊन वाकतात, फोन पुढे करतात. खिडकीतल्या माणसाने तोवर पुस्तकातून डोकं वर काढलेलं नसतं. पण आता तो एकदम समुद्र आपल्या नावावर असल्यासारखा ऐसपैस सरकून बसतो.

रूळ टाकणाऱ्यांच्या डोक्यात मात्र खिडकी नव्हती. त्यांना हवी होती सपाटी. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार हलकं पळतं, पण चढ लागला की तेच चाक घसरायला लागतं. शंभर मीटरला एक मीटर चढ चालताना आपल्या लक्षातही येत नाही. लांबलचक मालगाडीच्या इंजिनाला मात्र तो घाम फोडतो. डोंगर जिथे थेट पाण्यात उतरतो तिथे एकतर डोंगर पोखरायचा, नाहीतर डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून अंग चोरून जायचं. पट्टी सपाट आणि बहुधा स्वस्त. देखावा हा त्या व्यवहारात फुकट पदरात पडलेला.

फुकट म्हणायचं खरं, पण त्याचं बिल मागाहून येतं. इंग्लंडच्या नैऋत्येला डॉलिश गावाजवळून ब्रुनेल या इंजिनिअरने १८४६ मध्ये अगदी लाटांच्या काठाने रूळ नेले. हा ब्रुनेल धाडसी कल्पनांचा माणूस. या मार्गावर त्याने इंजिनाशिवाय गाड्या पळवून दाखवल्या. रुळांच्या मधोमध लोखंडी नळ, नळाला वर फट, फटीवर चामड्याची झडप, आणि ठिकठिकाणी पंप बसवून नळातली हवा ओढून घ्यायची, म्हणजे मागच्या हवेच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो आणि गाडीला ओढतो. चामडं सुकलं, फाटलं, हवा गळायला लागली आणि १८४८ मध्ये, वर्षभरातच, तो सगळा संसार गुंडाळावा लागला. समुद्राकाठची भिंत मात्र राहिली. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात ती एका रात्रीत फुटली, खालची माती वाहून गेली आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. मार्ग पुन्हा सुरू व्हायला दोन महिने लागले. मग भिंत वाढवली. तरी अजूनही फार खवळलेल्या दिवशी तिथे समुद्राकडचा रूळ बंद ठेवून डोंगराकडच्या एकाच रुळावरून गाड्या सोडतात.

डोंगराकडची बाजू तरी कुठे भरवशाची? फोकस्टन ते डोव्हरच्या वाटेत खडूचा एक मोठा कडा आडवा येत होता. १८४३ च्या जानेवारीत आठ टनांहून जास्त सुरुंगाची दारू ठासून तो समुद्रात ढकलून दिला. शांततेच्या काळातला स्फोट, लोक बघायला जमले होते. पुढे १९१५ च्या डिसेंबरात त्याच मार्गावर दरड सरकली आणि रुळांसकट जमीन समुद्राकडे निघाली. महायुद्ध ऐन भरात. खणायला माणसं कुठून आणणार? तो मार्ग बंद पडला तो युद्ध संपल्यावर १९१९ मध्येच उघडला. ज्या बंदरातून पलीकडे फ्रान्सला सैन्य जात होतं त्याच्या तोंडाशी ही गत, आणि शत्रूने त्यासाठी बोटही उचललं नव्हतं.

युद्धात शत्रू बोट उचलतो तेव्हा काय होतं, ते कळायला खिडकीची दुसरी बाजू बघावी लागते. ज्या खिडकीतून समुद्र दिसतो, ती समुद्रातूनही दिसते. इटलीला हे पहिल्याच दिवशी कळलं. तिने २३ मे १९१५ ला ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शत्रूचं आरमार एड्रियाटिकच्या किनाऱ्यासमोर हजर. बंदरांबरोबर किनाऱ्याच्या लोहमार्गावरही मारा झाला, कारण सरहद्दीकडे फौज नेणारी गाडी तिथूनच जाणार होती. इटलीने यावर काढलेला तोडगा मला भारी वाटतो. तिच्या नौदलाने डब्यांवर तोफा चढवल्या आणि त्या गाड्या त्याच रुळांवरून किनाऱ्याचा पहारा करत फिरवल्या. खलाशी गाडीत.

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर हाच खेळ उलट्या बाजूने झाला. तिथे डोंगर समुद्राला भिडलेले, त्यामुळे रूळ सारखे बोगद्यात शिरतात आणि बाहेर येतात. उत्तर कोरियाची रसद या मार्गाने आघाडीकडे जायची. कोरियन युद्धात अमेरिका, कॅनडा वगैरेंच्या युद्धनौका किनाऱ्यालगत रात्रभर दिवे मालवून दबा धरून बसायच्या. गाडी दिवसा बोगद्यात दडून राहायची, अंधार पडला की या बोगद्यातून त्या बोगद्यात धाव ठोकायची. मधल्या उघड्या पट्टीत सापडली तर संपली. १९५२ मध्ये खलाशांनी याला चक्क 'ट्रेनबस्टर्स क्लब' असं नाव दिलं आणि जहाजाजहाजांत चढाओढ लागली. एकूण २८ गाड्या उडवल्याची नोंद आहे, त्यांतल्या ८ कॅनडाच्या जहाजांच्या नावावर, आणि ४ त्यांच्यातल्या एकट्या 'क्रुसेडर'च्या. मला त्या आकड्यांपेक्षा बोगद्यातला ड्रायव्हर जास्त आठवतो. मागे कोंडलेला धूर, पुढे बोगद्याचं तोंड, बाहेर काळोख. आणि त्या काळोखात जहाज आहे की नाही, हे गाडी बाहेर काढल्याशिवाय कळायची सोय नाही.

जहाजावरून तोफ डागणं समजू शकतो. पण पाणबुडीने आगगाडी उडवणं? तेही झालं आहे. जुलै १९४५. 'बार्ब' ही अमेरिकन पाणबुडी काराफुतोच्या किनाऱ्याजवळ होती. काराफुतो म्हणजे आज रशियाकडे असलेल्या साखालिनचा दक्षिण भाग, तेव्हा जपानचा. कप्तान यूजीन फ्लकी पेरिस्कोपमधून रोज गाड्या येता-जाता बघायचा. डोळ्यांसमोर माल चाललाय, पण टॉर्पेडो काही वाळूवर चढत नाही. किनाऱ्यावर जाऊन रुळाखाली स्फोटकं पुरायची, हे ठरायला वेळ लागला नाही. अडचण वेगळीच होती. वात पेटवायला माणूस मागे ठेवायचा म्हणजे त्याचा बळी द्यायचा. तेव्हा बिली हॅटफील्ड नावाच्या इलेक्ट्रिशियनला लहानपणचा उद्योग आठवला. पोरं दोन स्लीपरच्या मधे, रुळाखाली अक्रोडासारखी टणक कवचाची फळं ठेवायची. गाडी वरून गेली की रूळ वजनाने किंचित वाकायचा आणि कवच फुटायचं. मग फळाच्या जागी बटण ठेवलं तर? गाडी आपल्याच वजनाने बटण दाबेल.

आठ जण रबरी होड्यांतून मध्यरात्री किनाऱ्याला लागले. खड्डा खणताना एक गाडी अंगावरून गेल्यासारखी शेजारून धडधडत गेली, सगळे झुडपांत आडवे. ती गेल्यावर काम पुरं केलं. होड्या परत पाणबुडीकडे वल्हवत असतानाच दुसरी गाडी आली आणि रुळाने बटण दाबलं. 'बार्ब'च्या झेंड्यावर बुडवलेल्या जहाजांच्या चिन्हांमध्ये मग एक आगगाडीही शिवली गेली. गोष्ट म्हणून रंगतदार आहे, हे मान्य. तरी पोराटोरांचा खेळ आठवून केलेलं हे काम वाचताना मी दरवेळी थोडा अडखळतो. इंजिनावर ड्रायव्हर तरी होताच ना.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो बेल्जियममधला एक साधा मार्ग, न्यूपोर्ट ते डिक्समुइड. त्याने युद्धात जे काम केलं त्याचा गाड्यांशी काही संबंधच नव्हता. तिथली जमीन समुद्राला बांध घालून मिळवलेली, भरतीच्या पातळीहूनही खाली. शेतातलं पाणी कालव्यांतून वाहून न्यायचं आणि ओहोटीच्या वेळी न्यूपोर्टच्या झडपा उघडून समुद्रात सोडायचं, भरती आली की झडपा बंद. हा तिथला रोजचा शिरस्ता. रूळ भिजू नयेत म्हणून मीटर-दोन मीटर उंचीचा भराव घातलेला. ऑक्टोबर १९१४ मध्ये अँटवर्पहून माघार घेत आलेलं बेल्जियन सैन्य इझर नदीवर टिकेना. जर्मनांनी नदी ओलांडली. मागे देश म्हणावा असा जमिनीचा तुकडाच उरला होता. सैन्य त्या रेल्वेच्या भरावाआड जाऊन पडलं.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की शिरस्ता उलटा फिरवायचा. भरतीला झडपा उघडायच्या, ओहोटीला बंद करायच्या. नदी आणि भराव यांच्यामधली शेतं बुडवायची. पण भरावाखाली पाण्याच्या निचऱ्यासाठी मोऱ्या होत्या, आणि त्या उघड्या राहिल्या तर आपलेच लोक बुडणार. तेव्हा आधी गोळागोळीत एकेक मोरी बुजवणं आलं. कुठली झडप कुठल्या कालव्याला जाते हे सेनापतींना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते ठाऊक होतं कारेल कोखे या पाटबंधाऱ्याच्या देखरेख्याला आणि हेंड्रिक गेरार्ट या नावाड्याला. पहिल्या प्रयत्नात पाणी पुरेसं आलं नाही. मग २९ ऑक्टोबरपासून गेरार्ट आणि काही सैनिक रात्रीच्या भरतीला जाऊन दुसऱ्या, मोठ्या झडपा उघडायचे आणि पाणी उतरायच्या आत लावून घ्यायचे. पाणी धो धो आलं नाही. ते खंदकांतून वर आलं. जर्मन सैनिकांच्या बुटांखालची जमीन आधी चिखल झाली, मग तळं. भराव ओलांडून आलेल्यांनाही मागे फिरावं लागलं. आघाडी तिथे जी अडकली ती १९१८ पर्यंत. पुढे १९५० च्या हजार फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला राजा आल्बर्ट आणि दुसऱ्या बाजूला हा नावाडी छापला. नोटेवर नावाडी आलेला मला फार आवडला. तो भराव आजही आहे. रूळ गेले, त्यावरून सायकली चालतात.

काही मार्ग तर युद्धानेच जन्माला घातले. दुसऱ्या महायुद्धात हैफा ते बैरुत आणि पुढे लेबनॉनमधल्याच त्रिपोलीपर्यंत समुद्राकाठची रेल्वे न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांनी १९४२ मध्ये पुरी केली. रास अन-नाकुराच्या पांढऱ्या कड्यातून बोगदे काढले आणि युरोपकडून येणाऱ्या रुळांना इजिप्तचे रूळ जोडले गेले. व्यापाऱ्यांना, यात्रेकरूंना जे कधी जमलं नव्हतं ते लष्कराने घाईघाईत करून टाकलं. ते टिकलं सहा वर्षं. १९४८ मध्ये तिथला पूल उडवला, बोगदा बुजला, मधून इस्रायल आणि लेबनॉनची सरहद्द गेली. पुढे तिथे केबल कारने पर्यटक उतरायला लागले.

व्हिएतनामचं उलट झालं. हनोईपासून सायगावपर्यंतचा मार्ग १९३६ मध्ये पुरा झाला होता, हाय व्हान घाटात तो समुद्रावर लोंबतो. युद्धांनी त्याचे तुकडे केले. १९७५ नंतर तेराशेवर पूल दुरुस्त करून १९७६ च्या शेवटच्या दिवशी तो पुन्हा सुरू झाला. देश एक झाल्याची खूण म्हणून राज्यकर्त्यांना आधी झेंडा सुचला असेल, पण प्रवाशाला ती १७२६ किलोमीटरच्या तिकिटातच कळली असणार.

शांततेत समुद्र मात्र शांत बसत नाही. १९६४ च्या डिसेंबरात चक्रीवादळाने धनुष्कोडीची पॅसेंजर माणसांसकट नेली, पांबनचा पूल मोडला. तो इंजिनिअर श्रीधरन यांनी ४६ दिवसांत उभा केला, पण धनुष्कोडीपर्यंत गाडी पुन्हा गेली नाही. २६ डिसेंबर २००४ ला श्रीलंकेत पेरालियाजवळ पहिल्या लाटेने गाडी थांबली. आसपासचे लोक आसऱ्याला डब्यांत आणि डब्यांआड आले. दुसरी लाट मोठी होती. दीड हजारांहून जास्त माणसं गेली. त्या गाडीचं नाव होतं 'समुद्रदेवी'. याबद्दल आणखी काही लिहवत नाही.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर २०११ च्या सुनामीनंतर सेन्सेकी मार्गाचा एक तुकडा मागे, उंचावर नेला. खिडकीतला समुद्र गेला, पण तिथे राहणाऱ्यांनी तेच मागितलं असणार, आणि माझ्यासारख्या उपऱ्याने त्यावर हळहळणं बरं नव्हे. त्याच किनाऱ्यावरच्या छोट्या सान्रिकू रेल्वेने सुनामीनंतर पाचव्या दिवशी उरलेल्या रुळांवर गाडी सोडली, तीही फुकट, कारण लोकांना आपली माणसं शोधायला जायचं होतं. तिचं शिमानोकोशी स्टेशन आणि तिथला पूल सुनामीने नेला होता. पुन्हा बांधताना पूल केला नाही, मातीचा उंच भराव घातला. पुलाखालून पाणी गावात शिरतं, भरावाला अडतं. न्यूपोर्टच्या भरावाच्या गळ्यात हे काम ऐनवेळी पडलं होतं, इथे ते आधीपासून नकाशात धरलेलं आहे. एप्रिल २०१४ पासून त्यावरून गाड्या सुरू आहेत.