मायामी बीचवर एकाच जेवणाची दोनदा टिप

अमेरिकेत टिप द्यावी लागते याची मला पूर्वकल्पना होती आणि त्याविषयी माझी तक्रारही नाही. तेथील केंद्रीय कायद्यानुसार, टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. मात्र टिप धरून त्याची कमाई ७.२५ डॉलरच्या किमान वेतनाइतकी भरली पाहिजे. २.१३ हा आकडा १९९१पासून बदललेला नाही. फ्लोरिडासारख्या अनेक राज्यांनी आपले दर याहून बरेच वर नेले असले, तरी वेटरच्या वेतनाचा काही भाग गिऱ्हाइकाने भरायचा, ही रीत तेथेही कायम आहे. हे समजल्यावर १८ ते २० टक्के देताना माझा हात आखडला नाही. राग आहे तो एकाच जेवणाची दोनदा टिप मागणाऱ्या एका रेस्टॉरंटचा.

क्रूझवर तर काहीच अडले नाही, कारण तेथे माणशी ठरावीक रक्कम रोज आपोआप आपल्या खात्यावर नावे पडते. जहाजावरून उतरल्यावर आई-बाबा, ताई आणि भावजी यांच्यासह आम्ही मायामी बीचवर समुद्रालगतच्या एका रेस्टॉरंटात जेवायला गेलो. जेवण २६० डॉलरचे झाले आणि त्याखाली ‘सर्व्हिस चार्ज २० टक्के’ म्हणून आणखी ५२ डॉलर लावलेले होते. ते मान्य करून मी कार्ड पुढे केले, तर वेटरने हातातले यंत्र माझ्यासमोर धरले आणि पडद्यावर पुन्हा १८, २० आणि २२ टक्क्यांची तीन मोठी बटणे उमटली. त्यांपैकी मधल्या बटणाखालची रक्कम होती ६७ डॉलर! म्हणजे हे २० टक्के केवळ जेवणावर नव्हते, तर जेवण, कर आणि आधीचा सर्व्हिस चार्ज या सगळ्यांच्या बेरजेवर होते. ‘टिप नाही’ हा पर्याय पडद्याच्या अगदी तळाशी, फिकट अक्षरांत होता.

सर्व्हिस चार्ज लावलेला असताना ही टिप कशाची, असे मी वेटरला विचारले. त्याने शांतपणे सांगितले की तो चार्ज रेस्टॉरंटचा आहे आणि ही टिप त्याची स्वतःची. मग मी व्यवस्थापकाला बोलावले. त्याने मेन्यूकार्डाच्या शेवटच्या पानावरच्या बारीक ओळीवर बोट ठेवले. असा चार्ज मेन्यूवर आणि बिलावर नमूद करावा, असे फ्लोरिडाचा कायदा सांगतो. त्यामुळे तेवढ्यापुरते त्याचे बरोबर होते. परंतु या ५२ डॉलरपैकी वेटरला किती मिळतात, या माझ्या प्रश्नाला ‘ते सर्वांत वाटले जातात’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी गिऱ्हाइकाने स्वेच्छेने, स्वतः रक्कम ठरवून दिलेले पैसे तेवढे टिप ठरतात, आणि सक्तीने लावलेला चार्ज हे मालकाचे उत्पन्न असते. त्यातले कामगाराला दिले तर ते त्याचे वेतन धरले जाते. मागे टेबलासाठी लोक ताटकळत होते, बाबा मराठीत ‘देऊन टाक आणि चल’ म्हणत होते आणि व्यवस्थापक घड्याळाकडे पाहत होता. मी त्याच्यादेखत तळाचे फिकट बटण दाबले आणि वेटरच्या हातात दहा डॉलर रोख ठेवले. वेटर हसला, व्यवस्थापक हसला नाही, आणि याचे मला आजही समाधान वाटते.

आपल्याकडे असा चार्ज सक्तीने लावता येणार नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये दिला आहे. तेथे मात्र त्या भरवशावर वाद घालू नये. त्याऐवजी मेन्यूचा तळ ऑर्डर देण्याआधी वाचावा. मायामीत दोघांच्या टेबलालाही चार्ज लागलेला दिसतो. इतरत्र तो बहुधा सहा किंवा अधिक माणसांच्या गटाला लावतात. काउंटरवर कॉफी घेताना असाच पडदा समोर येतो, तेथे शून्य टाकण्यात काही गैर नाही. हॉटेलात खोली आवरणाऱ्यांसाठी मात्र दोन ते पाच डॉलर रोज सकाळी ठेवावेत, कारण रोज तीच व्यक्ती येईल असे नसते. त्यासाठी एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा हॉटेलच्या काउंटरवर मागून घ्याव्यात. सामान उचलणाऱ्याला द्यायलाही त्याच लागतात. न्यूयॉर्कमध्ये हिशेब सोपा आहे. तेथे विक्रीकर ८.८७५ टक्के असल्याने बिलावरचा कर दुप्पट केला की पुरेशी टिप निघते.

आणखी एक राहिले. काही ठिकाणी यंत्राऐवजी कागदी पावती येते आणि तिच्यावर टिपची रक्कम आपण हाताने लिहायची असते. अशा वेळी बँकेचा संदेश टिपविना रकमेचा येतो आणि टिपसह अंतिम रक्कम नंतर खात्यावर चढते. म्हणून टिपची ओळ कोरी न सोडता तेथे आकडा किंवा आडवी रेघ ओढावी, खाली बेरीज स्वतः लिहावी आणि पावतीचा फोटो काढून तो कार्डाच्या महिन्याच्या हिशेबाशी ताडून पाहावा.