गालावरचा प्रत्येक लाल चट्टा ल्युपस नसतो

आज ओपीडीत पुन्हा हाच घोळ दिसला, म्हणून लिहितोय. ल्युपसचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) चट्टा गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरतो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा सोडतो. घडीही लाल असेल तर सेबोरिक डर्मटायटिस (तेलकट भागांतला खवलेदार त्वचादाह) किंवा डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंना सूज आणणारा आजार) डोक्यात आणा. मग हात बघा, हात न बघता निदान नकोच! बोटांच्या सांध्यांवर जांभळट, खवलेदार उंचवटे हे डर्मॅटोमायोसायटिसचं लक्षण. ल्युपसची लाली बहुतेकदा दोन सांध्यांच्या मधे येते. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून डर्मॅटोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावला, की डर्मॅटोमायोसायटिसमध्ये फुगलेल्या केशवाहिन्या दिसतात. जिना चढताना मांड्यांत जोर राहत नसेल तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्तचाचणी) लगेच. तो नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका: स्नायू शाबूत असतानाही डर्मॅटोमायोसायटिस फुफ्फुसं झपाट्याने पोखरू शकतो. कोरडा खोकला आणि धाप विचाराच.