कच्च्या पपईचा चीक आणि अननसाचा दांडा

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एक फॉरवर्ड येतोच, की सकाळी उपाशीपोटी पिकलेली पपई खा, त्यात पपेन नावाचं एन्झाइम असतं, पोट साफ, चरबी गायब, सांधेदुखी बंद. पपई खायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतः खाते आणि माझं माहेर खानदेशातलं, शहाद्याकडे मामाची पपईची शेती आहे, त्यामुळे घरात पपई नाही असा सीझन आठवत नाही. पण त्या फॉरवर्डमध्ये मुख्य गोष्टच उलटी लिहिलेली असते. पपेन असतं ते कच्च्या पपईच्या चिकात, आणि फळ पिकत जातं तसा चीक कमी होत होत जवळपास संपतो. पिकलेल्या पपईने पोट साफ होतं ते फायबरमुळे आणि पाण्यामुळे, शिवाय अ आणि क जीवनसत्त्व मिळतं ते वेगळंच, आणि तेवढं कारण खायला पुरेसं आहे की. एन्झाइमचं श्रेय तिला कशाला द्यायचं?

आता हे पपेन करतं काय तर प्रोटीन कापतं, बस्स, एवढंच त्याचं काम. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, पपेन तिचे मधले मधले दुवे तोडतं. अननसातलं ब्रोमेलेन, किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन, अंजिराच्या चिकातलं फायसिन हे सगळे त्याच कामाचे, त्याच कुळातले म्हणा. चरबीला ही एन्झाइम हातसुद्धा लावत नाहीत, त्यामुळे वजन उतरवायला अननस वगैरे जे चालतं ते सोडून द्या. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ही एन्झाइम स्वतःसुद्धा प्रोटीनच असतात, म्हणजे चांगली उकळी आली की त्यांचा खेळ खलास. डब्यातल्या अननसात ब्रोमेलेन शिल्लक नसतं कारण डबा बंद करताना तो तापवलेला असतो.

चीक काढतात कसा ते मी जळगावकडे मामाच्या एका मित्राच्या शेतात पाहिलंय आणि ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. फळ झाडावरच असतं, अडीच-तीन महिन्यांचं, हिरवंगार. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, स्टीलच्या ब्लेडने नाहीतर बांबूच्या कामटीने वरून खाली चार उभ्या चिरा द्यायच्या, दोन-तीन मिलिमीटर खोल फक्त, गराला लागू द्यायचं नाही. लगेच दुधासारखा पांढरा चीक धारेने खाली येतो, खोडाला उघड्या छत्रीसारखं प्लास्टिक बांधलेलं असतं त्यात तो जमा होतो आणि बघता बघता गोठायला लागतो. लोखंडाचं भांडं चालत नाही, चीक खराब होतो. उन्हात ठेवलेलाही चालत नाही, तपकिरी पडतो आणि जोर जातो, म्हणून पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या ड्रायरमध्ये वाळवतात आणि मग त्याची पावडर करतात. तीन-चार दिवसांनी त्याच फळाला पुन्हा चिरा. मी बोट लावायला गेले तर मामा ओरडलाच, "ए, हात लावू नको बरं, कातडी सोलवटेल!" कारण कातडी म्हणजे पण प्रोटीनच ना, रोज हे काम करणारे हातमोजे घालतात, आणि पावडरच्या कारखान्यात तर ती धूळ श्वासात जाऊन दमा होतो लोकांना, म्हणजे नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी असं काही नसतं. चिरा दिलेलं फळ आतून चांगलंच राहतं पण अंगावर वण असल्याने बाजारात भाव मिळत नाही, मग ते कच्चंच टुटीफ्रुटीला जातं. केकमधली ती लाल-हिरवी टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, हे अजून कितीतरी जणांना माहीत नसतं. कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाने को-2, को-5, को-6 अशा पपेनसाठी चालणाऱ्या जाती काढल्यात, आपल्याकडे मात्र बहुतेक शेतकरी खायची तैवान पपईच लावतात.

अननसाचं गणित थोडं वेगळं आहे. तो पिकला तरी त्यात ब्रोमेलेन राहतं, म्हणून जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते (त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया पण असतात, दोन्ही मिळून जिभेला त्रास देतात). पण कारखान्यात ब्रोमेलेन काढतात ते मुख्यतः झाडाच्या दांड्यातून, फळ तोडल्यावर शेतात जो बुंधा उरतो त्यातून. हे 1957 च्या सुमाराला हवाईत लक्षात आलं, तिथे अननसाच्या प्रचंड बागा होत्या आणि दांडे नुसते वाया जात होते.

घरी याचा पुरावा बघायचा असेल तर अननसाचं रायतं करा. ताजा अननस दह्यात घालून तासभर ठेवलं की रायतं कडू होतं, कारण ब्रोमेलेन दह्यातल्या केसिन या प्रोटीनचे तुकडे करतं आणि ते तुकडे चवीला कडवट असतात. दह्याला उगाच नावं ठेवतात. अननसाच्या फोडी साखर घालून पाच मिनिटं शिजवून, गार करून मग दह्यात घातल्या की काही होत नाही. तसंच जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस, किवी किंवा कच्ची पपई घातली तर जेली सेटच होत नाही, पण चायना ग्रासची होते, कारण जिलेटिन प्रोटीन आहे आणि चायना ग्रास नाही.

आणि मटण. आमच्याकडे एक किलो मटणाला दोन चमचे कच्च्या पपईचं वाटण, सालीसकट वाटायची कारण चीक सालीलगतच जास्त असतो. तास-दोन तास पुरे, चिकनला तर अर्धा तास, रात्रभर ठेवलंत तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतलं तसंच. मजा म्हणजे पपेन सगळ्यात जोरात काम करतं ते साधारण 65 डिग्रीला, म्हणजे फ्रीजमध्ये ते सुस्तच असतं आणि खरं काम होतं ते भांडं हळूहळू तापतं तेव्हा, म्हणून मंद आचेवर सुरुवात करायची.

आता औषधाचं. पपेनला नाव मिळालं 1879 मध्ये, पॅरिसच्या वुर्ट्झ या रसायनशास्त्रज्ञाकडून, तेव्हापासून पचनाच्या औषधात ते आहेच, आपल्याकडच्या पाचक गोळ्या-सिरपांच्या लेबलवर पपेन आणि फंगल डायस्टेज (हे पिष्ट पचवणारं एन्झाइम) ही जोडी सर्रास दिसते. जड जेवणानंतर कुणाला बरं वाटत असेल तर वाटू दे, पण धडधाकट माणसाचं पोट आणि स्वादुपिंड प्रोटीन पचवायला स्वतः समर्थ असतं. अक्कलदाढ काढल्यावर मला ट्रिप्सिन-ब्रोमेलेन-रुटोसाइडची गोळी दिली होती, उपाशीपोटी घ्या म्हणून, कारण जेवणाबरोबर घेतली तर ती जेवणच पचवत बसते. पोटातल्या आम्लात फुकट जाऊ नये म्हणून गोळीवर वेगळं कोटिंग असतं. सुजेवर याचा उपयोग किती यावर अभ्यास भरपूर झालेत आणि निकाल मिश्र आहेत, काहींमध्ये दुखणं-सूज थोडी कमी झालेली दिसते, काहींमध्ये फारसा फरक नाही.

पण मला या सगळ्यात खरंच भारावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे, भाजलेल्या रुग्णांची. खोल भाजल्यावर जी मेलेली, कडक झालेली कातडी वर राहते ती काढल्याशिवाय खालची जखम कळत नाही आणि भरतही नाही, ती काढायची म्हणजे ऑपरेशन, चाकूने खरवडून, आणि त्यात थोडी चांगली कातडी पण जाते, रक्त जातं ते वेगळं. इस्रायलमध्ये अननसाच्या दांड्यातल्या ब्रोमेलेनपासून एक जेल बनवलं, नेक्सोब्रिड नावाचं, ते जखमेवर चार तास ठेवतात आणि तेवढ्यात मेलेला थर विरघळून पुसून काढता येतो, जिवंत भाग शाबूत राहतो. युरोपात 2012 ला आणि अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरात त्याला मंजुरी मिळाली. अननसाच्या फेकून द्यायच्या बुंध्यातून हे निघतं, विचार करा! पण हे बर्न्स वॉर्डमध्ये, वेदनाशामक देऊन करायचं काम आहे, घरी भाजल्यावर अननस किंवा पपई अजिबात लावू नका, गार पाणी आणि डॉक्टर.

पपेनचं मोठं काम प्रयोगशाळेत झालंय. 1959 मध्ये रॉडनी पोर्टर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पपेन वापरून अँटिबॉडीचे, म्हणजे जंतू-विषांशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रोटीनचे, तुकडे केले आणि अँटिबॉडी कशी बनलेली असते ते उलगडलं, त्यासाठी त्यांना 1972 चं नोबेल जेराल्ड एडलमन यांच्याबरोबर मिळालं. त्याच युक्तीने अमेरिकेत मेंढीच्या अँटिबॉडी पपेनने कापून सर्पदंशावरचं औषध बनतं, म्हणून पपईची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते देताना डॉक्टर जास्त जपतात. आपल्याकडची सर्पदंशाची लस घोड्यापासून येते, तिथे हे कापायचं काम पेप्सिन नावाचं दुसरं एन्झाइम करतं.

दुसरी बाजूही सांगते, कारण फॉरवर्डमध्ये ती कधीच नसते. जखमेवर लावायची पपेनची मलमं अमेरिकेत 2008 मध्ये बाजारातून काढायला लावली, ती कधी रीतसर मंजूर झालेलीच नव्हती आणि काही रुग्णांना जबर अ‍ॅलर्जी होऊन ब्लड प्रेशर खाली गेलं होतं. स्लिप डिस्कवर मणक्यात देण्याचं कायमोपपेनचं (पपईच्याच चिकातलं दुसरं एन्झाइम) इंजेक्शन 1982 ला मंजूर झालं होतं, तेही पुढे बंद पडलं. गरोदरपणात पपई नको असं आपल्या आज्या सांगतात, त्यात कच्च्या पपईपुरतं तथ्य आहे, 2002 च्या उंदरांवरच्या अभ्यासात पिकलेल्या पपईने काही झालं नाही पण कच्च्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावलं, त्यामुळे कच्च्या पपईची कोशिंबीर त्या नऊ महिन्यांत टाळलेली बरी.

ज्यांना रबराच्या हातमोज्यांची, फुग्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पपई, किवी, केळं, अ‍ॅव्होकाडोही सोसत नाही. आणि घरात कुणी वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर ब्रोमेलेन किंवा पपेनच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवून परस्पर सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, ऑपरेशन ठरलेलं असेल तर सर्जनला आठवणीने सांगा. ताटातल्या चार फोडी अननसाने काही होत नाही, त्या मजेत खा.