पत्र्याचा डबा आणि नवे शोकेस

धातूच्या जुन्या वस्तूंचे जतन करणे हा माझा व्यवसाय आहे. मुंबईत या कामासाठी बोलावणारे बहुतेक लोक ‘इथली खारी हवाच वाईट’ असे निदान आधीच करून बसलेले असतात, आणि गेल्या श्रावणात गिरगावातल्या एका घरी गेले तेव्हा माझ्याही मनात तेच होते.

चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर काकांचा संग्रह मांडलेला होता: सातवाहनकालीन शिशाची वीस-बावीस नाणी, काही शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आणि वाड्याची एक लोखंडी किल्ली. शोकेस मुलाने हौसेने करून घेतलेले. आत मखमल, वर एलईडी, धूळ शिरू नये म्हणून काचेच्या दाराला रबरी पट्टी. त्यातल्या शिशाच्या नाण्यांवर मात्र पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड धरली होती. एका नाण्यावरचा हत्ती सोंडेपासून पोटापर्यंत दिसेनासा झाला होता, आणि सूनबाई ती पूड दर रविवारी रंगाच्या ब्रशने झटकत होत्या. हा शिशाचा क्षार असून पोटात किंवा श्वासात गेल्यास विषारी असतो, हे ऐकताच त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि हात धुवायला गेल्या.

दमटपणाला दोष द्यावा, तर शेजारची किल्ली फारशी गंजलेली नव्हती. शिवरायांवर फिकट हिरवे ठिपके होते, पण त्या दर दसऱ्याला चिंच-मिठाने घासल्या जात. मिठातले क्लोराइड तांब्यात एकदा मुरले की पावसाळी हवेत ते धातू पोखरत राहते. शिशाचे कोडे काही सुटेना. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “डब्यात होती तेव्हा काही झालं नव्हतं हो त्यांना.”

माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. चाळीत बत्तीस वर्षे सगळी नाणी त्यातच होती, आणि शोकेसमध्ये जागा पुरली नाही म्हणून शिशाची तीन नाणी अजूनही त्यात पडून होती: करडी-काळी, टणक, मागचे उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळे) बोटाला लागेल इतके ठसठशीत. घर तेच, हवा तीच. मी शोकेस उघडून आत डोके घातले, तर नाकाला व्हिनेगरसारखा आंबूस वास झोंबला.

शोकेस प्लायवुडचे होते. लाकूड आणि प्लायवुड यांतून असेटिक आम्लाची वाफ निघत राहते, प्लायच्या थरांमधल्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचे फॉर्मिक आम्ल होते, आणि शिसे या दोन्हींपुढे टिकत नाही. उघड्या फळीवर ही वाफ उडून जाते. रबरी पट्टीच्या आत ती साठते. तरीही मुलाच्या हौसेवर नुसत्या वासावरून ठपका ठेवणे मला बरे वाटेना. म्हणून प्लायचा तुकडा घेऊन ऑडी चाचणी केली, जी ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली तयार झाली: बंद काचपात्रात तुकडा, थोडे पाणी आणि शिसे, तांबे, चांदी यांच्या पट्ट्या ठेवून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस. शिशाची पट्टी पांढरी पडली. प्लाय न घातलेल्या पात्रातली तशीच राहिली.

नाणी आता पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत, काचेखाली, पॉलिएस्टरच्या पाकिटांत आहेत (पीव्हीसीची पाकिटे तांब्याला हिरवा चिकटा आणतात, ती काकांकडून काढून घेतली), आणि खाली सिलिका जेल आहे, ज्याचे नारिंगी दाणे हिरवे पडले की सूनबाई ते ओव्हनमध्ये वाळवतात. रिकाम्या शोकेसमध्ये नातवाचे रत्नागिरीचे शंख-शिंपले मांडायचे काकांनी ठरवले होते, पण शिंपला म्हणजे चुनाच, आणि आम्लाची वाफ त्यालाही सोडत नाही. शेवटी तिथे काकूंच्या चिनी मातीच्या बरण्या गेल्या, मखमल आणि एलईडीसकट.